खांब आणि समाज : मल्लखांबाच्या बदलत्या स्थानाविषयी

मल्लखांब म्हणजे मल्लाने मेहनतीसाठी वापरायचा खांब, ही व्याख्या शब्दाच्या फोडीतूनच निघते आणि ती चुकीचीही नाही; परंतु गेल्या दोनशे वर्षांत या खांबावर जे जे घडले ते तिच्यात मावत नाही. कुस्तीगिराच्या मांड्या, पंजे आणि कंबर बळकट करण्यासाठी तालमीच्या कोपऱ्यात उभा असलेला हा खांब आधी स्वतंत्र कसरतीचे साधन झाला, पुढे सार्वजनिक प्रात्यक्षिकाचे, त्यानंतर गुणांवर जोखल्या जाणाऱ्या स्पर्धेचे आणि अलीकडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील करमणुकीचेही. लाकूड तेच राहिले. त्याच्याभोवती जमणारी माणसे आणि ती कशासाठी जमतात याचे कारण मात्र पिढीगणिक बदलत गेले. मल्लखांब कसा करावा हे शिकवणारे लेखन मराठीत आहे. त्यावर कोणी चढावे, कोणी पाहावे, कोणाच्या कौशल्याला मान द्यावा आणि कोणाच्या कौशल्यापुढे केवळ नाणे टाकावे, हे समाज कसे ठरवत आला याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच आहे, आणि तो लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या, या खेळाच्या ख्यातनाम केंद्रांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या ठिकाणाहून मांडला जात असल्यामुळे त्याची दृष्टी पुणे, मुंबई किंवा उज्जैन येथून दिसणाऱ्या चित्रापेक्षा काहीशी वेगळी आहे.

या क्षेत्राशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या वाचकासाठी प्रथम साधनांचा परिचय आवश्यक आहे. मल्लखांबाचे तीन मुख्य प्रकार आज प्रचलित आहेत. पुरलेला मल्लखांब हा बहुधा सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, बुंध्याशी जाड, वर निमुळता होत जाणारा आणि जमिनीच्या वर सुमारे साडेआठ फूट उंच असा खांब असतो. त्याच्या मुख्य भागाला अंग, वरच्या अरुंद भागाला मान आणि माथ्यावरच्या गोल गाठीला बोंड म्हणतात. टांगता मल्लखांब हा त्याहून आखूड असून आकड्याला साखळीने अधांतरी लटकवलेला असतो, त्यामुळे खेळाडू हलला की तोही हलतो, गिरक्या घेतो आणि प्रत्येक पकडीची परीक्षा पाहतो. तिसरा प्रकार दोरीच्या मल्लखांबाचा; पूर्वी यासाठी वेत वापरला जाई, आज सुती दोर वापरला जातो. या तिहींखेरीज बाटल्यांवर तोलून उभा केलेला निराधार मल्लखांब आणि शस्त्रे घेऊन करायचा हत्यारी मल्लखांब असे प्रात्यक्षिकांत दिसणारे उपप्रकारही आहेत.

खांबावरील हालचालींची परिभाषा तालमीतून आलेली आहे आणि ती अस्सल मराठी आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, झाप, फरारा, ताजवा, सलामी, उतरती ही नावे ऐकतानाच त्यांतील गती जाणवते : सुईदोऱ्यात शरीर हात आणि खांब यांच्यामधल्या फटीतून दोऱ्यासारखे ओवले जाते, वेलीत ते खांबाला वेढे घेत चढते, ताजव्यात तराजूच्या दांडीसारखे तोलले जाते. सर्वांचा पाया म्हणजे अढी. खेळाडू दोन्ही हातांनी खांब कवळतो, कंबर वर उचलून पाय डोक्यावरून नेतो, मांड्यांनी खांबाला आवळून धरतो आणि मग हात सोडून देतो; त्या क्षणी डोके खाली, पाय वर आणि साऱ्या देहाचा भार मांड्यांच्या पकडीवर असतो. तेथून कमरेच्या जोरावर पुन्हा उठून खांब धरायचा आणि वरची अढी घालायची. खांबाला आणि अंगाला एरंडेल तेल चोळलेले असते, कारण कोरड्या लाकडावर कातडी सोलवटते. तेल अधिक झाले तर पकड निसटते. घसरणे आणि खरचटणे यांच्यामधली ही नेमकी मात्रा हाताला कळावी लागते, आणि ती कळेपर्यंत शिकणाऱ्याच्या मांड्यांवर व काखांत लाल वळ उठलेले असतात. दोरीवर हीच परीक्षा पायाच्या बोटांकडे जाते : अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरून, त्याची कोठेही गाठ न बांधता, केवळ वेढ्यांच्या आधारे संपूर्ण शरीर हवेत आसनस्थ करायचे असते.

या कलेचा इतिहास सांगताना दोन टोके हाती येतात, एक लेखी आणि एक मौखिक. लेखी टोक कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत जाते. तिसरा सोमेश्वर या राजाच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे, वर्णन करताना त्याने मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान दिले आहे, मल्लांचा आहार, त्यांच्या प्रती आणि त्यांची मेहनत यांची नोंद केली आहे, आणि मेहनतीच्या प्रकारांत स्तंभश्रम, म्हणजे खांबावरील व्यायाम, हाही सांगितला आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. निलंगा तालुक्याच्या सीमेपलीकडे आणि शिरूर अनंतपाळच्या दक्षिणेला, एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर ते आहे. मल्लखांबाचा विचार करताना मराठवाड्याच्या या कोपऱ्याकडे कोणाची नजर जात नाही, पण खांबावरच्या मेहनतीची ही जुनी लेखी नोंद याच परिसरावर राज्य करणाऱ्या राजधानीत झाली, ही गोष्ट येथील वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्तंभश्रमापासून आजच्या मल्लखांबापर्यंत अखंड परंपरा होती असे मात्र यावरून म्हणता येत नाही. मधल्या शतकांतील दुवे फार विरळ आहेत.

मौखिक टोक पेशवाईच्या अखेरीस सापडते आणि तालमीतालमीतून आजही सांगितले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. ते कोणी स्वीकारीना, तेव्हा बाळंभट दादा देवधर या तरुणाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासना केली, वानराच्या चपळाईवरून त्याला लाकडी खांबावरची मेहनत सुचली आणि परतून त्याने गुलाबला चीत केले, अशी ही कथा आहे. तिच्यातील साक्षात्काराचा भाग श्रद्धेचा आहे, परंतु कथेची रचना इतिहासाच्या अभ्यासकाला बरेच काही सांगते. ज्याला हरवण्यासाठी नवी विद्या शोधावी लागली तो प्रतिस्पर्धी हैदराबादच्या बाजूचा होता, आणि आजच्या लातूर-नांदेड जिल्ह्यांचा बहुतांश मुलूख त्या काळी निजामाच्याच अमलाखाली होता. मल्लखांबाच्या जन्मकथेत या बाजूचे लोक हरणाऱ्यांच्या रूपाने येतात. परंतु त्यांच्या ताकदीचा दबदबा नसता तर ही कथाच घडली नसती. विजेत्यांच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टीत पराभूतांच्या कौशल्याची कबुली कशी दडलेली असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दुसरा बाजीराव गंगाकाठच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, गेला. त्याच्या आश्रयाने ही विद्याही उत्तरेस गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी तेथे मल्लखांबाचे धडे घेतले अशी परंपरा आहे. देवधरांच्या शिष्यशाखा पुढे काशीपासून बडोद्यापर्यंत पसरल्या. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराने आणि त्याचा वारसा चालवणाऱ्या प्रोफेसर माणिकराव यांनी देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले, तेथूनच द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा बहुखंडी प्रकल्प मराठीत आला आणि तोंडी परंपरेतील शेकडो प्रकारांना नावे, क्रम आणि चित्रे मिळाली. एका गुरूकडून एका शिष्याकडे जाणारी विद्या कागदावर उतरली, की ती कोणालाही शिकता येते. त्याच वेळी तिची एकच एक प्रमाण पद्धत ठरू लागते. मल्लखांबाच्या पुढील वाटचालीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

विदर्भात या प्रवाहाला राष्ट्रीय चळवळीचा रंग चढला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केले आणि परकीय सत्तेखालच्या समाजाचे शरीर कणखर व्हावे, हा हेतू त्यांनी उघडपणे पुढे ठेवला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. तालमीतील खांब तोवर कुस्तीसाठी होता. आता तो राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी उभा राहिला आणि त्याच्यापुढे प्रेक्षक आला. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ मध्ये सुरू झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने पुढे या प्रेक्षकाला शिकाऊ बनवले. गल्लीतली मुले-मुली संध्याकाळी मैदानावर येतात आणि तासभर दोरीवर किंवा खांबावर मेहनत करतात, हे शहरी मध्यमवर्गीय चित्र तेथे रुजले.

परंतु या गौरवशाली मालिकेच्या शेजारीच एक दुसरा इतिहास चालत आला आहे, आणि त्याला बाजूला ठेवून मल्लखांबाचे सामाजिक स्थान समजू शकत नाही. मराठवाड्याच्या गावोगावी डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना बांबूंच्या दोन कैच्या, त्यांवर ताणलेला दोर, खाली वाजणारी ढोलकी आणि हातात आडवी काठी घेऊन त्या दोरावरून चालणारी सात-आठ वर्षांची मुलगी हे दृश्य ओळखीचे आहे. उंच बांबूच्या टोकावर पोटाच्या आधाराने फिरणारा मुलगा जे करतो त्यात आणि खांबाच्या बोंडावर केलेल्या ताजव्यात शरीराच्या दृष्टीने फार अंतर नाही. तोल, पकड आणि भीतीवरचा ताबा दोन्हीकडे सारखाच लागतो. अंतर आहे ते समाजाच्या नजरेत. आखाड्यातल्या शरीराला बळ, ब्रह्मचर्य आणि राष्ट्रसेवा यांचे वलय मिळाले. रस्त्यावरच्या शरीराला पोटासाठी केलेली कसरत म्हणून पसाभर धान्य मिळाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही संशयाची नजर लगेच गेली नाही. कोल्हाटी-डोंबारी समाज आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. परंतु त्याच्या पिढीजात कौशल्याला क्रीडेच्या व्यवस्थेत जागा करून द्यावी, हा विचार अजून सार्वत्रिक झालेला नाही. एकाच कौशल्याला एकीकडे पदक आणि दुसरीकडे भीक मिळते, ही विसंगती या ग्रंथाला आपल्या विषयाच्या मध्यभागी दिसते.

मराठवाड्याची कथा याहून आणखी एका कारणाने वेगळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता; पुणे-मुंबईच्या व्यायामचळवळीची जी संस्थात्मक लाट पश्चिम महाराष्ट्रात उठली तिचे पडसाद येथे उशिरा आणि वेगळ्या मार्गाने पोहोचले. उदगीर, लातूर या भागांत आर्य समाजाने जे काम उभे केले त्यात शाळा आणि सत्संग यांच्या जोडीने आखाड्यालाही स्थान होते, आणि संस्थानी राजवटीत तरुणांनी एकत्र जमून शरीर कमावणे ही गोष्ट आपोआपच राजकीय ठरत होती. मुक्तीनंतर या परिसराने शरीरसाधनेतील आपली सारी ओढ कुस्तीत ओतली. गावच्या जत्रेच्या अखेरच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो, आधी लहान मुलांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटच्या कुस्तीला माणसे झाडांवर चढून बसतात, ही रीत अजून टिकून आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि पुढे पुण्यात त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडवल्या; लातूर जिल्ह्याचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. जिथे कुस्तीला इतका मान, तिथे कुस्तीची जोडविद्या असलेला मल्लखांब ठिकठिकाणी दिसायला हवा होता. तो तसा दिसत नाही, यामागे कुस्तीतच झालेला एक मोठा बदल आहे.

जुन्या तालमीत हौदा हे केंद्र होते. हौदा म्हणजे कुस्तीची खोदलेली, तांबड्या मातीने भरलेली जागा; त्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक आणि काव मिसळून ती मऊ राखली जाई, आणि काळ्या रानाच्या गावातही तालमीतली माती तांबडी असे. हौद्याच्या भोवती जोर-बैठकांची जागा, मुद्गल, करेल आणि मल्लखांब ही सारी एका कुटुंबासारखी नांदत. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवल्यावर, जागतिक कुस्ती ही गादीवरची आणि गुणांवरची कुस्ती आहे हे उमगत गेले. गादी आली, वजनगट आले, त्यांच्यासोबत लोखंडी वजनांची आधुनिक व्यायामशाळा आली आणि मल्लाच्या तयारीतून खांबाची गरज हळूहळू संपली. ज्या ठिकाणी खांबाचे स्वतंत्र क्रीडेत रूपांतर आधीच झाले होते, तिथे तो वाचला. ज्या ठिकाणी तो फक्त कुस्तीचा सेवक होता, तिथे कुस्तीने त्याला निरोप दिला. मराठवाड्यातील त्याच्या विरळ अस्तित्वाचे हे कारण या ग्रंथाला सर्वांत सयुक्तिक वाटते.

गरज संपल्यावर कौशल्याचे काय होते, हा प्रश्न केवळ मराठी मुलखाचा नाही आणि त्यासाठी जगातल्या एका अगदी दूरच्या उदाहरणाकडे पाहणे उपयोगी ठरते. बर्फाळ प्रदेशांत पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत जाण्याची विद्या, म्हणजे स्कीइंग, मुळात प्रवास आणि शिकार यांसाठी होती. भारतात गुलमर्ग आणि औली येथे तिचे क्रीडारूप पाहायला मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेतील तरुणांनी, वेगाच्या शर्यतीला कंटाळून उतारावर कोलांट्या, गिरक्या आणि उड्या यांचा मुक्त खेळ सुरू केला व त्याला फ्रीस्टाइल हे नाव पडले. कुस्तीत हाच शब्द पायांच्या पकडीला मुभा असलेल्या प्रकारासाठी वापरतात. बर्फावर त्याचा अर्थ आविष्काराचे स्वातंत्र्य असा होतो. सुरुवातीला बेशिस्त ठरवलेल्या या खेळाला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९७९ मध्ये मान्यता दिली, १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून आला, १९९२ मध्ये उंचवट्यांवरून उतरण्याच्या प्रकाराला आणि १९९४ मध्ये हवाई कसरतींना पदके मिळाली, आणि २०१४ पर्यंत त्याचे आणखी उपप्रकार ऑलिंपिकमध्ये दाखल झाले. बंडखोरीपासून पदकापर्यंतच्या या प्रवासात त्या खेळाच्या जुन्या चाहत्यांना एक खंत कायम राहिली : प्रत्येक उडीला काठिण्याचे गुण ठरल्यावर सर्वजण गुण देणाऱ्याच उड्या मारू लागतात आणि मुक्तशैली नावापुरती मुक्त उरते.

मल्लखांबाची आधुनिक वाटचाल या उदाहरणाशी ताडून पाहिली म्हणजे तिचे मर्म उलगडते. स्वातंत्र्यानंतर मल्लखांब प्रथम जिम्नॅस्टिक्सच्या छत्राखाली राष्ट्रीय पातळीवर आला. १९८१ मध्ये उज्जैन येथे नियमबद्ध अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि स्वतंत्र महासंघाची वाट मोकळी झाली. खेळाडूने ठरावीक वेळेत सादर करायचा हालचालींचा क्रम, ज्याला संच म्हणतात, त्यातील प्रकारांची काठिण्यश्रेणी, त्यांची गुंफण, सफाई आणि उतरती यांवर गुण दिले जाऊ लागले. मुलींसाठी दीर्घकाळ दोरीचाच प्रकार राखीव होता. पुढे पुरलेला खांबही त्यांना खुला झाला, आणि तेलकट लाकडाला मांड्यांनी आवळणारी मुलगी हे दृश्य ज्या समाजाला एकेकाळी अवघड वाटले असते त्याच समाजातील पालक आता तिला घेऊन मैदानावर येऊ लागले. हा या खेळाच्या इतिहासातील सर्वांत खोल सामाजिक बदल आहे, कारण मल्ल या शब्दातच गृहीत धरलेले पुरुषपण त्याने मोडीत काढले.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार धारा ओळखता येतात. पहिली दादरची : उदय देशपांडे यांनी शिवाजी पार्कवरून ही विद्या दृष्टिहीन मुलींपर्यंत आणि परदेशांतील शिकाऊंपर्यंत नेली, फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथे पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तीत पंधरा देश सहभागी झाले, आणि २०२४ मध्ये देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली, येथे मल्लखांब हा सर्वांसाठीचा व्यायाम आहे. दुसरी मध्य प्रदेशची : त्या राज्याने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ घोषित केले, सरकारी आधार दिला आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, येथे तो पदकांचा शिस्तबद्ध खेळ आहे. तिसरी धारा अमरावतीच्या परंपरेतील, शारीरिक शिक्षण आणि सामूहिक प्रात्यक्षिक यांची, जिचे मनोरे आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत उभे राहतात. चौथी सर्वांत नवी : छत्तीसगडच्या नारायणपूर भागातील अबूझमाडच्या आदिवासी मुलांच्या अकादमीने २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली आणि मल्लखांब हे नाव ज्या घरांत कधी पोहोचले नव्हते तिथे नेऊन ठेवले. या धारांमध्ये मतभेद आहेत. प्रात्यक्षिकाचे मनोरे हा खेळ की देखावा, पडद्यासाठी बसवलेल्या सादरीकरणात नियमांचे काय, गुणपद्धतीने जुने कमी गुणांचे पण देखणे प्रकार विस्मरणात जात आहेत काय, यांवर जाणकारांचे अजून एकमत झालेले नाही. आणि जिवंत कलेत असे मतभेद असणे हितकारकच असते.

हा विषय आत्ताच हाती घेण्याचे कारण या मान्यतेतच आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि २०२२ पासून राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला, त्याच वर्षीच्या पुरस्कारांत सागर ओव्हाळकर यांच्या रूपाने या खेळाला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि क्रीडागुणांची सवलत व शासकीय नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण यांमुळे खांबावरच्या कौशल्याला प्रमाणपत्राचे मोल आले. मान्यतेसोबत साधन, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च यांचा प्रश्नही येतो, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणापासून जितके दूर जावे तितका कठीण होत जातो. शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये झाला. त्याची अर्थव्यवस्था कोरडवाहू शेतीवर, विशेषतः सोयाबीन आणि तुरीवर उभी आहे, आणि त्याच्या मुलांची महत्त्वाकांक्षा लातूरच्या शिकवणी वर्गांकडे पाहते. ‘लातूर पॅटर्न’ने या जिल्ह्यातील असंख्य सामान्य घरांतून डॉक्टर आणि अभियंते घडवले, हे त्याचे मोठे श्रेय आहे, परंतु त्याच पॅटर्नने मुलाच्या दिवसातील संध्याकाळ संपवून टाकली, हेही तितकेच खरे आहे. दहावी-बारावीची वर्षे ज्या वयात जातात त्याच वयात मांड्यांची पकड आणि कमरेची लवचीकता कमावावी लागते. शरीर आणि परीक्षा यांतील ही ओढाताण मराठवाड्यातील पालकाला रोज सोसावी लागते, आणि तिचा विचार केल्याशिवाय ग्रामीण क्रीडाधोरणाची कोणतीही चर्चा अपुरी राहते.

ग्रंथाचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. तो मल्लखांबाचा संपूर्ण इतिहास असल्याचा दावा करीत नाही आणि शिकवणीचे पुस्तकही नाही. एका शरीरविद्येचे समाजातील स्थान कोणत्या शक्तींनी हलवले, राजाश्रय, राष्ट्रवाद, नियमपुस्तिका, पडदा आणि सरकारी मान्यता यांनी तिला काय दिले आणि तिच्यातून काय काढून घेतले, हे क्रमाने तपासणे हा त्याचा हेतू आहे. त्यासाठी तालमीतील परिभाषा शक्यतो जशीच्या तशी ठेवली आहे, कारण अढी या शब्दाऐवजी संस्कृतप्रचुर प्रतिशब्द योजला तर त्यामागची माणसे अदृश्य होतात. आख्यायिका नाकारलेल्या नाहीत. त्या आख्यायिका म्हणूनच सांगून त्यांतून समाजमन वाचले आहे. डोंबाऱ्याचा खेळ आणि आखाडा यांना एकाच चौकटीत ठेवल्याने काही वाचकांना अवघडल्यासारखे होईल, परंतु कौशल्याचा प्रामाणिक इतिहास लिहायचा तर ही चौकट टाळता येत नाही.

ग्रंथाची भूमिका एका वाक्यात सांगायची झाल्यास, खेळाची प्रतिष्ठा त्याला मिळालेल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून मोजू नये, तो सर्वांत लहान गावात कोणाच्या आवाक्यात आहे यावरून मोजावी. पुरलेल्या मल्लखांबाला बर्फाचा डोंगर लागत नाही, कुस्तीची गादी लागत नाही, महागडे पोशाखही लागत नाहीत. सागाचे एक चांगले लाकूड, खड्डा खणायला जागा, वाटीभर एरंडेल आणि पहिली अढी घालताना खाली उभे राहून मुलाच्या पाठीला हात देणारा एक जाणता माणूस, एवढी त्याची सामग्री आहे. यांतील लाकूड आणि तेल तालुक्याच्या बाजारात मिळते. जाणता माणूस मात्र घडवावा लागतो, त्याला वेतन आणि मान द्यावा लागतो, आणि तो डोंबाऱ्याच्या पालातून आला तरी त्याला तितकाच मान द्यावा लागतो. शिरूर अनंतपाळच्या एखाद्या शाळेच्या आवारात असा खांब उभा राहिला आणि शाळा सुटल्यावर एखादी मुलगी त्याच्या बोंडापर्यंत पोहोचली, तर या ग्रंथाने मांडलेल्या दीर्घ इतिहासाला त्याच्या प्रारंभाच्या भूमीवर एक नवे पान मिळेल. ते लिहिले जावे, या आस्थेनेच हा ग्रंथ मराठी वाचकांपुढे ठेवला जात आहे.